दोन फेजचा सिरीज कपॅसिटर बक: सिरीज कपॅसिटर नेमका किती घ्यावा?

फोंडा_बेंच (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष चालू आहे. प्रकल्प म्हणून मांडवीच्या मुखाशी पाण्याखाली ठेवायचा ध्वनिनोंदक करतोय. आत एफपीजीए (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) आहे. त्याच्या कोअरला १.२ व्होल्ट लागतात आणि हिशेब चालू असताना करंट १० अँपिअरपर्यंत जातो, मग तो पुन्हा झोपतो. बॅटरीकडची लाइन १२ व्होल्टची, पण ती १०.८ ते १३.२ च्या मध्ये हलते. बोर्ड नळीत सरकवायचा असल्याने ३ मिलिमीटरपेक्षा उंच पार्ट चालत नाही. साध्या बकला (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटला) लागणारे इंडक्टर त्या उंचीत बसेनात, म्हणून दोन फेजचा (आळीपाळीने चालणाऱ्या दोन शाखांचा) सिरीज कपॅसिटर बक घेतला. प्रत्येक फेज २ मेगाहर्ट्झला, इंडक्टर २२० नॅनोहेन्रीचे.

बाकी सगळं जमलं, अडलंय ते त्या सिरीज कपॅसिटरवर. टीममधला मित्र म्हणतो १० मायक्रोफॅरड टाक, मोठा असला की बरंच. मार्गदर्शक सर म्हणतात हिशेब दाखव, मगच पार्ट मागव. हिशेब सुरू कुठून करायचा?

वेर्णा_पॉवर

सरांचं ऐक. या सर्किटमधला सगळ्यात जास्त राबणारा पॅसिव्ह पार्ट हाच आहे, आणि अंदाजाने टाकला जातो तोही हाच.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी मांडणी सांगतो. पहिल्या फेजचा वरचा स्विच इनपुटला जोडलेला. त्याच्या खालच्या टोकाला कपॅसिटरचं वरचं टोक, आणि कपॅसिटरचं दुसरं टोक पहिल्या फेजच्या स्विचिंग नोडवर. दुसऱ्या फेजचा वरचा स्विच इनपुटपर्यंत जातच नाही. तो कपॅसिटरच्या वरच्या टोकावरून आपला पुरवठा घेतो. खालचे दोन स्विच नेहमीसारखे ग्राउंडला. २००५ साली जपानी संशोधकांनी प्रोसेसरच्या पुरवठ्यासाठी ही मांडणी अभ्यासली होती. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस५४ए२० ही चिप आली, ८ ते १४ व्होल्ट इनपुटची, १० अँपिअरची.

आता चालतं कसं? पहिली फेज चालू असते तेव्हा इनपुटचा करंट कपॅसिटरमधून पहिल्या इंडक्टरकडे जातो आणि कपॅसिटर भरतो. दुसरी फेज चालू असते तेव्हा पहिल्या फेजचा खालचा स्विच चालूच असतो, म्हणून कपॅसिटरचं खालचं टोक ग्राउंडवर बसतं. वरच्या टोकातून तो दुसऱ्या इंडक्टरला करंट देतो आणि रिकामा होतो. स्थिर अवस्थेत त्याच्यावर सरासरी इनपुटच्या निम्मं व्होल्टेज टिकतं. तुझ्याकडे ६ व्होल्ट. दोन्ही इंडक्टरना १२ ऐवजी ६ व्होल्टच दिसतात, म्हणून ड्युटी (सायकलपैकी वरचा स्विच चालू असण्याचा वाटा) दुप्पट होते: आउटपुटच्या दुपटीला इनपुटने भाग. साध्या बकमध्ये १० टक्के पडली असती, इथे २० टक्के. २ मेगाहर्ट्झला ऑन-टाइम ५० च्या जागी १०० नॅनोसेकंद. तुला एवढ्या चपट्या इंडक्टरवर जाता आलं ते यामुळे.

हिशेब सुरू करायचा तो चार्जपासून, मायक्रोफॅरडपासून नाही. एका फेजचा करंट ५ अँपिअर, ऑन-टाइम १०० नॅनोसेकंद. दर सायकलला कपॅसिटरमध्ये ०.५ मायक्रोकूलोम जातो आणि तेवढाच बाहेर येतो. १ मायक्रोफॅरड असेल तर त्याच्यावरचं व्होल्टेज अर्धा व्होल्ट वर-खाली होणार. या वर-खाली होण्याला रिपल म्हणतात. सूत्र हवं असेल तर: रिपल = (आउटपुट करंट × आउटपुट व्होल्टेज) ÷ (इनपुट व्होल्टेज × एका फेजची फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स). इनपुट भाजकात आहे हे नीट बघ. रिपल सगळ्यात वाईट होतो तो इनपुट कमी असताना. म्हणजे तुझा हिशेब १२ वर नको, १०.८ वर कर.

फोंडा_बेंच

देव बरें करूं, सर. १०.८ ला ड्युटी २२.२ टक्के, ऑन-टाइम १११ नॅनोसेकंद, चार्ज ०.५५६ मायक्रोकूलोम. कपॅसिटरवर सरासरी ५.४ व्होल्ट. पण रिपल किती चालतो? आउटपुटचा रिपल नाही ना हा, मग तो मोठा असला तर बिघडतं काय?

वेर्णा_पॉवर

आउटपुटवर तो थेट दिसत नाही, हे खरं. पण तो तीन ठिकाणी जाणवतो.

स्विचिंग नोडचा माथा सपाट राहत नाही. ऑन-टाइममध्ये तो उतरता होतो, कारण कपॅसिटर भरत चाललेला असतो. इंडक्टरचा चढता करंट त्यामुळे वाकतो. कंट्रोलर त्या चढावरून करंट ओळखत असेल तर त्याचा अंदाज चुकतो. दुसरं, मॉस्फेटवरचं, म्हणजे या स्विचांवरचं, व्होल्टेज निम्म्यापेक्षा जास्त होतं. पहिल्या फेजच्या खालच्या स्विचला इनपुट वजा कपॅसिटरचं व्होल्टेज सोसावं लागतं, तेव्हा कपॅसिटर जितका खाली घसरेल तितकं त्या स्विचवर जास्त येतं. आणि तिसरं, कपॅसिटर फारच लहान असला तर तो आणि इंडक्टर यांचा आपसातला झोका स्विचिंग फ्रिक्वेन्सीच्या जवळ सरकतो. मग सरासरी काढून केलेले सगळेच हिशेब कोलमडतात.

मी स्वतः सरासरीच्या १० टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि शक्यतो ८ च्या आसपास थांबतो. तुझ्यासाठी ०.४५ व्होल्ट धर. ०.५५६ भागिले ०.४५, म्हणजे १.२४ मायक्रोफॅरड. हा आकडा सर्किटमध्ये, व्होल्टेजखाली, गरम असताना आणि जुना झाल्यावर मिळायला हवा. रीळवर छापलेला आकडा वेगळा.

कुठ्ठाळी_आरएफ

मग २.२ मायक्रोफॅरड एक्स७आर सिरॅमिक, ०८०५ आकाराचा, १६ व्होल्टचा घ्या आणि मोकळे व्हा. १.२४ च्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि ६ व्होल्टला १६ चा पार्ट म्हणजे भरपूर जागा.

वेर्णा_पॉवर

वाटतं तेवढी जागा नाही, भाऊ. कागदावर करून दाखवतो.

एक्स७आर म्हणजे उणे ५५ ते अधिक १२५ अंशांत कपॅसिटन्स १५ टक्क्यांच्या आत हलेल, एवढंच. डीसी व्होल्टेज लावल्यावर किती उतरेल याबद्दल ती तीन अक्षरं काहीही बोलत नाहीत. तेच नाव, तोच कपॅसिटन्स, तोच आकार असलेले दोन पार्ट ६ व्होल्टला वेगवेगळे उतरतात. आतले थर किती पातळ केलेत यावर ते ठरतं. लहान आकारात मोठा कपॅसिटन्स कोंबला की थर पातळ होतात आणि प्रत्येक थरावर विद्युतक्षेत्र वाढतं. रेटिंगचं व्होल्टेज बघून ही घट कळत नाही, उत्पादकाने दिलेला वक्र उघडूनच बघावी लागते.

समजा वक्रावर ६ व्होल्टला २० टक्के घट दिसली. लहान ०८०५ मध्ये ती याहून जास्तही असू शकते. २.२ चे झाले १.७६. टॉलरन्सचे १० टक्के गेले, १.५८. तापमानाचे १५ टक्के, १.३५. शिवाय वय. या वर्गाचं सिरॅमिक तास दहापट झाले की दर वेळी साधारण २.५ टक्के उतरतं, म्हणजे पहिल्या तासापासून दहा हजार तासांपर्यंत १० टक्के. शेवटी हातात उरले १.२१. हवे होते १.२४. दुप्पट म्हणून घेतलेला पार्ट काठावर आला.

सगळी घट एकाच वेळी एकाच दिशेने येईलच असं नाही, मान्य. पण हा नोंदक पाण्यात सोडल्यावर कोणी उघडून बघणार नाही.

कुठ्ठाळी_आरएफ

मग फोंड्याच्या मित्राचं म्हणणं खरं ठरतं की! १० मायक्रोफॅरड टाकला की घट कितीही होऊ दे, प्रश्न मिटला.

वेर्णा_पॉवर

नाही, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच लोक घसरतात. आउटपुट कपॅसिटर मोठा घेतला तर सहसा नुकसान होत नाही. सिरीज कपॅसिटरचं तसं नाही. त्याचं व्होल्टेज इनपुटच्या निम्म्यावर राहिलं पाहिजे, आणि इनपुट हललं की त्यालाही हलावं लागतं. तो हलतो कसा? दोन फेजच्या करंटमधल्या फरकाने. पहिल्या फेजमधून आत येणारा चार्ज दुसऱ्या फेजमधून जाणाऱ्या चार्जपेक्षा वेगळा झाला तरच त्याचं व्होल्टेज बदलतं. म्हणजे इनपुट एकदम सरकलं की काही मायक्रोसेकंद एक इंडक्टर जास्त ओढतो, दुसरा कमी. कपॅसिटर जितका मोठा, तितका हा फरक मोठा.

सरासरी मॉडेल मांडलं, दोन्ही फेजची ड्युटी सारखी धरली आणि रेझिस्टन्सचा ब्रेक सोडून दिला, तर फरकाचं शिखर असं येतं: कपॅसिटर आपल्या जागेपासून जितक्या व्होल्टने चुकला आहे, गुणिले (दोन कपॅसिटन्स भागिले इंडक्टन्स) चं वर्गमूळ. इनपुट १ व्होल्टने सरकलं तर कपॅसिटर अर्ध्या व्होल्टने चुकतो. २२० नॅनोहेन्रीला:

१ मायक्रोफॅरड असेल तर दोन फेजमध्ये १.५ अँपिअरचा फरक.
१० मायक्रोफॅरड असेल तर ४.८ अँपिअर.

४.८ म्हणजे एक फेज ७.४ वर आणि दुसरी २.६ वर. त्याच्यावर इंडक्टरचा स्वतःचा रिपल चढव. ६ वजा १.२, म्हणजे ४.८ व्होल्ट, १०० नॅनोसेकंद, २२० नॅनोहेन्री: २.२ अँपिअर वर-खाली, शिखराला १.१. एकूण ८.५ अँपिअर. ३ मिलिमीटरच्या आत बसणाऱ्या इंडक्टरची सॅच्युरेशनची मर्यादा (ज्या करंटच्या पुढे इंडक्टन्स कोसळतो) काय आहे ते तूच बघ.

झोक्याची फ्रिक्वेन्सीही लिहून ठेव: ड्युटी गुणिले (२ भागिले इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार) चं वर्गमूळ, ती आली रेडियनमध्ये. १ मायक्रोफॅरडला सुमारे ९६ किलोहर्ट्झ. २ मेगाहर्ट्झपासून ती पुरेशी लांब आहे, चांगलं आहे. १० ला ३० किलोहर्ट्झ. याचा उपयोग असा की तुझं इनपुट या झोक्याच्या तुलनेत सावकाश हललं, तर कपॅसिटर मुकाट मागोमाग जातो आणि फरक फारसा दिसत नाही. म्हणून इनपुटवर पुरेसा कपॅसिटन्स ठेव.

तुझी बॅटरीलाइन झटक्याने कधी पडते?

फोंडा_बेंच

पडते, सर. नोंदक वर येऊन डेटा पाठवतो तेव्हा रेडिओचा ट्रान्समीटर त्याच लाइनवर चालू होतो. स्कोपवर जवळजवळ १ व्होल्टची घसरण दिसते. म्हणजे तुम्ही घेतलेलं उदाहरण आमचंच निघालं.

एक शंका. दोन फेज करंट सारखा वाटून घेतात ते कपॅसिटन्सच्या आकड्यावर अवलंबून आहे का? दोन कपॅसिटर समांतर लावले आणि ते थोडे वेगळे निघाले तर वाटणी बिघडेल?

वेर्णा_पॉवर

नाही, त्या आकड्याशी संबंध नाही. स्थिर अवस्थेत जेवढा चार्ज आत, तेवढाच बाहेर. पहिल्या फेजचा करंट गुणिले तिची ड्युटी बरोबर दुसऱ्या फेजचा करंट गुणिले तिची ड्युटी. यात कपॅसिटन्स कुठेच येत नाही. दोन समांतर कपॅसिटर सर्किटला एकच दिसतात.

या सर्किटचं सगळ्यात सुंदर अंग हेच आहे, म्हणून आकड्यात सांगतो. साधा दोन फेजचा बक घे, करंट वाटण्याचं वेगळं सर्किट नाही, आणि एका फेजची ड्युटी दुसरीपेक्षा १ टक्का जास्त झाली. १२ व्होल्टच्या १० टक्क्यांचा एक टक्का म्हणजे १२ मिलिव्होल्ट. वाटेतला रेझिस्टन्स प्रत्येकी १० मिलिओहम असेल तर करंटमध्ये १.२ अँपिअरचा फरक. इथे तीच १ टक्क्याची चूक झाली तर करंटमध्ये १ टक्क्याचाच फरक येतो, ५ अँपिअरला ५० मिलिअँपिअर. वाटणी कपॅसिटर स्वतः सांभाळतो, रेझिस्टन्सवर सोडत नाही.

दोनापावल_हायड्रोफोन

माझा विषय पाण्याखालचा आवाज. तेव्हा एक गोष्ट सांगते, जी पॉवरवाले सहसा विचारात घेत नाहीत. एक्स७आर सिरॅमिक व्होल्टेजबरोबर किंचित आकार बदलतं आणि बोर्डाला हलवतं. २ मेगाहर्ट्झचं हलणं हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनला, ऐकू येणार नाही. पण इनपुट ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीने हललं, किंवा हलक्या लोडला कंट्रोलर थांबून-थांबून स्विच करू लागला, तर कपॅसिटरवरचं सरासरी व्होल्टेज त्याच तालावर हलतं. नळीच्या भिंतीला बोर्ड टेकलेला असेल तर ते पाण्यात जातं आणि रेकॉर्डिंगमध्ये सरळ रेघ होऊन बसतं. डॉल्फिनच्या शिट्ट्या शोधायच्या असतील तर अशी रेघ फार त्रास देते.

सीओजी या दुसऱ्या प्रकारच्या सिरॅमिकला हा त्रास नाही. डीसी बायसची (डीसी व्होल्टेज लावल्यावरची) घट नाही, वयाची घट नाही. जागा परवडत असेल तर विचार कर.

फोंडा_बेंच

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पण १.२४ मायक्रोफॅरड सीओजीमध्ये म्हणजे किती जागा?

वेर्णा_पॉवर

१२०६ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे सीओजी सहज मिळतात. म्हणजे तेरा नग. नळीतल्या बोर्डावर अवघड आहे. फ्रिक्वेन्सी ५ मेगाहर्ट्झला नेलीस तर चार्ज ०.२२ मायक्रोकूलोमवर येतो आणि अर्धा मायक्रोफॅरड, म्हणजे पाच नग पुरतात. पण १३.२ व्होल्टला ऑन-टाइम ३६ नॅनोसेकंद होतो, तो कंट्रोलरच्या किमान ऑन-टाइममध्ये बसतो का ते डेटाशीटमध्ये तपासायला हवं. स्विचिंगमधली उष्णता वाढेल ती वेगळीच. बंद नळीत मी ते करणार नाही.

ताईंचा मुद्दा मात्र सोडू नकोस. हलक्या लोडलाही फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवता येत असेल तर तशी ठेव, बोर्ड नळीला रबराच्या टेकूवर बसव, आणि रेकॉर्डिंगची वेळ व रेडिओची वेळ वेगळी ठेव. एक्स७आर चालून जाईल.

दोनापावल_हायड्रोफोन

पटलं. रेडिओ पाण्यात चालणारच नाही, तेव्हा ती वेळ आपोआप वेगळी आहे. टेकू मऊ घ्या.

म्हापसा_सोल्डर

मी दुरुस्तीचं काम करतो, हिशेबात फार पडत नाही. पण हा कपॅसिटर तडकला तर काय होतं ते कोणीतरी सांगा. आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या बोर्डांत मोठे सिरॅमिक शॉर्ट झालेले बरेच सापडतात. बाहेरून काही दिसत नाही. मीटर लावला की काही ओहम दाखवतो, उचलून बघितलं की खालच्या बाजूला टर्मिनलच्या कडेपासून तिरपी केसाएवढी चीर.

वेर्णा_पॉवर

फार महत्त्वाचं विचारलंत, दादा.

ओपन झाला तर पहिल्या फेजकडे करंट जायला वाटच राहत नाही, दुसरीला पुरवठा राहत नाही, आणि आउटपुट बसतं. बोर्ड बंद पडतो, पण जळत नाही. शॉर्ट झाला तर प्रकरण गंभीर. पहिल्या फेजचा स्विचिंग नोड थेट इनपुटवर जातो. खालच्या ज्या मॉस्फेटला ६ व्होल्ट दिसायचे त्याला १३ दिसतात. दुसऱ्या फेजला काहीच मिळत नाही, कारण तिच्या पाळीला तिचा पुरवठा ग्राउंडवर बसलेला असतो. सगळे १० अँपिअर एकट्या पहिल्या फेजवर येतात. आणि कंट्रोलर सावरेपर्यंत १.२ च्या जागी आउटपुट वर उसळतं. एफपीजीए त्यात जाऊ शकतो.

म्हणून आउटपुटला ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण हवं, आणि कपॅसिटर लवचिक टर्मिनेशनचा हवा. टर्मिनलच्या आत वाहक राळेचा थर असलेले प्रकार मिळतात, बोर्ड वाकला तर तो थर ताण सोसतो आणि सिरॅमिक वाचतं.

म्हापसा_सोल्डर

बरोबर. त्यात माझी भर एवढीच. कपॅसिटर बोर्डाच्या कडेला आणि स्क्रूजवळ ठेवू नका. कडेजवळ ठेवावाच लागला तर लांब बाजू कडेला समांतर ठेवा, आडवी नको. पॅनेलमधून बोर्ड हाताने मोडून काढू नका, तिथेच निम्म्या चिरा पडतात. हाताने सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्नचं टोक सिरॅमिकला लावू नका, पॅडला लावा. आधी बोर्ड खालून गरम केला तर फारच छान.

चीर पडली तरी कोरड्या हवेत पार्ट कधी कधी वर्षभर चालतो. आपल्याकडची जून-जुलैची हवा आत शिरली, त्यात खारा दमटपणा, की चिरेतून गळती सुरू होते आणि मग तो शॉर्टकडे जातो. प्रयोगशाळेत एसीमध्ये टेस्ट पास झाला म्हणून निर्धास्त राहू नये. नळी बंद करण्यापूर्वी बोर्ड ओव्हनमध्ये सुकवा, कोटिंग करा, आत सिलिका जेलची पुडी टाका. नळीतली हवाही त्या दिवशीचीच बंद होते, ती पावसातली नको.

कुठ्ठाळी_आरएफ

लेआउटबद्दल मी बोलतो, हे माझं क्षेत्र. हा कपॅसिटर दोन वेगळ्या गरम लूपमध्ये (करंट झटक्याने बदलतो अशा वळशांमध्ये) आहे. एक लूप इनपुट कपॅसिटर, पहिला वरचा स्विच, हा कपॅसिटर, पहिला खालचा स्विच आणि परत. दुसरी याच कपॅसिटरपासून दुसरा वरचा स्विच, दुसरा खालचा स्विच, ग्राउंडमधून पहिला खालचा स्विच आणि परत. दोन्हींमध्ये ५ अँपिअर काही नॅनोसेकंदांत सुरू होतात आणि थांबतात. १ नॅनोहेन्रीमध्ये ५ नॅनोसेकंदांत ५ अँपिअर बदलले की १ व्होल्टची उसळी. व्हायामधून (बोर्डाच्या आरपार जोडणी नेणाऱ्या छिद्रातून) खाली नेऊन बोर्डाच्या मागच्या बाजूला कपॅसिटर ठेवला तर १ नॅनोहेन्रीवर भागणारही नाही.

शिवाय १ मायक्रोफॅरड आणि १ नॅनोहेन्री यांचा रेझोनन्स ५ मेगाहर्ट्झला येतो. २ मेगाहर्ट्झला कपॅसिटर अजून कपॅसिटरसारखा वागतो, पण त्याच्या वरच्या हार्मोनिकना तो इंडक्टरच दिसतो. म्हणून एक मोठा लावण्यापेक्षा दोन लहान शेजारी-शेजारी लावा, इंडक्टन्स जवळपास निम्मा होतो.

वेर्णा_पॉवर

पूर्ण सहमत. दोन लावले की उष्णताही वाटली जाते. या कपॅसिटरमधून जाणारा आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाचा) करंट म्हणजे फेजचा करंट गुणिले (दुप्पट ड्युटी) चं वर्गमूळ. १०.८ व्होल्टला ५ गुणिले ०.६६७, म्हणजे ३.३ अँपिअर. इंडक्टरचा रिपल धरला की थोडा आणखी. ४ मिलिओहमच्या एका पार्टमध्ये ४४ मिलिवॉट, दोन समांतर असतील तर दोघांत मिळून २२. इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटॅलम का नको, तेही यात आलं. व्होल्टेजची दिशा उलटत नाही म्हणून ध्रुवीय पार्ट चालेल असं वाटतं, पण त्यांचा रेझिस्टन्स या करंटला परवडत नाही.

फोंडा_बेंच

सगळं धरून मी असं ठरवतोय. दोन नग, प्रत्येकी १ मायक्रोफॅरड, एक्स७आर, ५० व्होल्ट, १२०६, लवचिक टर्मिनेशन. उत्पादकाच्या वक्रावर ६ व्होल्टला घट ५ टक्क्यांच्या आसपास दिसते. २.० चे बायसनंतर १.९, टॉलरन्सनंतर १.७१, तापमानानंतर १.४५, वयानंतर १.३१. रिपल ०.४२५ व्होल्ट, ५.४ च्या ७.९ टक्के.

वरची बाजू: नवा पार्ट, टॉलरन्स अधिक १० टक्के, २.०९ मायक्रोफॅरड. १ व्होल्टच्या झटक्याला फरक २.२ अँपिअर, म्हणजे प्रत्येक फेजला १.१ वर-खाली. शिखर ५ अधिक १.१ अधिक १.१, ७.२ अँपिअर. निवडलेला इंडक्टर ९ ला सॅच्युरेट होतो.

छापलेला कपॅसिटन्स २.० म्हणजे आधीच्या २.२ पेक्षा कमी, तरी सर्किटमध्ये जास्त उरतो. हे हातात आल्यावर फार बरं वाटलं. चुकतंय का कुठे?

वेर्णा_पॉवर

कुठेही नाही. असाच सरांना दाखव.

आता सुरुवातीची काळजी. पॉवर येते तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो. तो ६ व्होल्टपर्यंत भरण्याआधी पहिला स्विच चालू झाला तर स्विचिंग नोडवर पूर्ण इनपुट येतं आणि खालच्या मॉस्फेटला ते दिसतं. कंट्रोलर आधी हळूहळू भरून घेतो का ते बघ. स्वतंत्र मॉस्फेट वापरून बनवत असशील तर भरायची सोय तुलाच करावी लागेल. १० मिलिअँपिअरने भरायचं ठरवलं तर २ मायक्रोफॅरडला १.२ मिलिसेकंद. १० मायक्रोफॅरडला ६ लागले असते. कपॅसिटरचं रेटिंग निम्म्यावर धरायचं नाही तेही याचसाठी. सुरुवातीला किंवा फॉल्टमध्ये पूर्ण इनपुट त्याच्यावर येऊ शकतं. तुझे ५० व्होल्टचे आहेत, प्रश्न नाही.

फोंडा_बेंच

शेवटचं. बोर्ड आल्यावर कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजायचं कसं? दोन्ही टोकं हलतात.

कुठ्ठाळी_आरएफ

स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप त्याच्या कुठल्याही टोकाला लावू नकोस, स्विचिंग नोड सरळ अर्थला जाईल. डिफरेन्शियल प्रोब असेल तर उत्तम. नसेल तर दोन सारखे प्रोब घे, दोन्हींच्या क्लिपा बोर्डाच्या ग्राउंडला, टोकं कपॅसिटरच्या दोन टोकांना, आणि स्कोपमध्ये वजाबाकी. आधी दोन्ही प्रोब एकाच नोडवर लावून वजाबाकी सपाट येते का ते बघ, नाहीतर प्रोबमधला फरकच रिपल म्हणून वाचशील.

नुसती सरासरी हवी असेल तर मल्टिमीटरच्या दोन्ही वायरांत कपॅसिटरच्या अगदी जवळ १०-१० किलोओहम लाव आणि मीटरच्या बाजूला दोन्ही वायरांमध्ये १०० नॅनोफॅरड. मीटरचा इनपुट १० मेगाओहमचा असतो, चूक ०.२ टक्के.

वेर्णा_पॉवर

आणि त्या रिपलवरून खरा कपॅसिटन्स काढ. १२ व्होल्ट इनपुट, १० अँपिअर लोडला चार्ज ०.५ मायक्रोकूलोम. समजा वजाबाकीत ०.२८ व्होल्ट दिसले, तर कपॅसिटर १.७९ मायक्रोफॅरडचा आहे. बोर्ड थंड असताना एकदा मोज, तासभर चालवून गरम झाल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे आणि इनपुटचं व्होल्टेज इथे टाक. एवढ्या चपट्या बोर्डाचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे मलाही हवे आहेत.

फोंडा_बेंच

नक्की टाकतो, सर. पार्टची ऑर्डर आत्ता देतोय. दहा नग जास्तीचे मागवतो, पाच म्हापशाच्या दादांकडे पाठवतो. दादा, मुद्दाम वाकवून किती वाकल्यावर तडकतात ते बघाल का?

म्हापसा_सोल्डर

पाठव. बोर्डाच्या जाडीचाच तुकडाही पाठव, नुसते पार्ट वाकवून काही कळणार नाही.